ट्रॉलीचा मागचा दिवा का लागत नाही?

कापसाच्या हंगामात बाभुळगावहून यवतमाळ, धामणगावकडे जाणारी भरलेली ट्रॉली बरेचदा रात्री रस्त्यावर असते. मागचा दिवा बंद असला, की मागून येणाऱ्याला ती दिसतच नाही.

अशा वेळी आधी बल्ब थेट बॅटरीला जोडून पाहावा. तो लागला, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. वीज दिव्यातून बॅटरीकडे परत यावी लागते. ही परतीची वाट पुष्कळदा हुकाच्या पिनेतून जाते. तिथे गंज, ग्रीस, धूळ साचते आणि धक्क्यागणिक संपर्क तुटतो.

बल्ब बसवून स्विच चालू ठेवावा. मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या पत्र्याला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी. अर्ध्या व्होल्टहून जास्त आले, तर अर्थिंग खराब. 12 च्या जवळ आले, तर ते तुटलेलेच आहे. शून्य आले, तर फ्यूज, प्लग आणि येणारी वायर तपासावी.

उपाय म्हणजे प्लगमधून अर्थिंगची स्वतंत्र वायर टाकणे. फ्यूजच्या जागी मात्र तार गुंडाळू नये. शॉर्ट झाल्यास वायर तापते, आणि वर तर कापूस असतो.