काटा अडतो तेव्हा

आहारातील उष्मांक कमी करून वजन उतरवू पाहणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजनकाटा भराभर खाली येतो, पुढे त्याची चाल मंदावते आणि बहुधा सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास तो एकाच आकड्यावर अडून राहतो. या अडण्याचा दोष एक तर मनोनिग्रहाच्या अभावाला दिला जातो किंवा ‘चयापचय बिघडले’ असे म्हणून शरीरावर ढकलला जातो. वास्तविक ती उष्मांकांच्या जमाखर्चाची अपेक्षित परिणती असते आणि या जमाखर्चाची कोणती बाजू सरकली आहे हे शोधल्याखेरीज तिच्यावर उपाय सापडत नाही.

सुरुवातीची वेगवान घट बऱ्याच अंशी फसवी असते. यकृत आणि स्नायू यांत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेच्या रेणूंची साठवलेली साखळी, असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. आहार कमी होताच हा साठा खर्ची पडतो, पाणी बाहेर टाकले जाते आणि चरबी फारशी न घटताही काटा दीड-दोन किलोंनी उतरतो. याच्या उलट प्रकारही घडतो. खारट जेवण, मासिक पाळीपूर्वीचे दिवस किंवा नव्याने सुरू केलेला व्यायाम यांमुळे शरीरात पाणी साचते आणि प्रत्यक्ष चरबी कमी होत असतानाही काटा स्थिर दिसतो. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या साप्ताहिक सरासऱ्या ताडून पाहिल्याशिवाय वजन खरोखर अडले आहे असे मानणे घाईचे ठरते.

अपेक्षाभंगाचे मूळ एका जुन्या हिशेबातही आहे. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफस्की या अमेरिकन वैद्यांनी एक पौंड वजन म्हणजे ३,५०० उष्मांक असे समीकरण मांडले. किलोच्या भाषेत ते सुमारे ७,७०० होते. त्यानुसार रोज ५०० उष्मांक कमी घेणाऱ्याचे वजन वर्षात जवळजवळ २४ किलोंनी घटले पाहिजे, पण तसे घडत नाही, कारण वजन उतरले की शरीराचा खर्चही उतरतो: लहान झालेल्या देहाला जगवायला आणि हलवायला कमी ऊर्जा पुरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा बदलता खर्च धरून नवे गणित दिले. त्यानुसार सरासरी स्थूल प्रौढाने रोजच्या आहारात कायमची २४ उष्मांकांची कपात केली, तर अखेरीस सुमारे १ किलो वजन घटते. त्यातील निम्मी घट पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सर्व घट तीन वर्षांत होते. म्हणजे तीच ५०० उष्मांकांची कपात पहिल्या वर्षी दहा किलोंच्या आसपास फळ देते.

देहाच्या आकारमानावरून अपेक्षित असते त्याहूनही खर्च थोडा अधिक घटतो, आणि या अतिरिक्त घटीला चयापचयी अनुकूलन म्हणतात. अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वयंसेवकांवर केलेल्या अर्धोपासाच्या प्रयोगात ते ठळकपणे दिसले. चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्यय त्याहून अधिक प्रमाणात खाली आला. वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांमध्ये सहा वर्षांनंतरही हा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमी असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचा बराच गवगवा झाला. पण ती टोकाची उदाहरणे होत. साध्या आहारनियंत्रणात अनुकूलन पुष्कळ कमी असते आणि सहाव्या महिन्यात काटा अडण्याचे सगळे खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

मग उरते ती भूक, आणि खरा पेच तिथेच आहे. हॉल यांच्याच गटाच्या अंदाजानुसार प्रत्येक किलो वजन घटल्यावर खर्च रोज २० ते ३० उष्मांकांनी उतरतो, तर भूक जवळजवळ १०० उष्मांकांनी वाढते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे तृप्तीची खबर मेंदूला देणारे संप्रेरक चरबी घटल्यावर कमी होते, हे त्यामागचे एक कारण. परिणामी आहार नकळत सैल होतो: फोडणीचे तेल अंदाजाने पडते, पोळीवर तूप येते, भाजीतले दाण्याचे कूट मोजले जात नाही आणि उपवासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी हलकी समजून खाल्ली जाते. पंधरा मिलिलिटर तेलात सुमारे १२० उष्मांक असतात. असे तीन चमचे वाढले की सुरुवातीच्या कपातीचा बहुतेक भाग भरून निघतो. हा अप्रामाणिकपणा नव्हे. ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या व्यक्तींचा न्यूयॉर्कमध्ये अभ्यास झाला, तेव्हा त्या आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी अधिक सांगत असल्याचे १९९२ मध्ये दिसून आले.

यास्तव पहिला उपाय नीरस आहे, पण सर्वांत उपयोगी तोच: एक-दोन आठवडे तेल, तूप, साखर, दाणे आणि फरसाण मोजून घेणे आणि उष्मांकांची गरज आताच्या वजनानुसार पुन्हा काढणे. त्याबरोबर प्रथिने वाढवणे श्रेयस्कर, कारण त्यांच्या पचनातच त्यांतील २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते, पोट अधिक वेळ भरलेले राहते आणि वजने उचलण्यासारख्या व्यायामाची जोड मिळाल्यास स्नायू टिकतात. भारतीयांच्या बाबतीत स्नायूंचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, होता, परंतु शरीरातील चरबी अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के होती, हे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्यांच्या छायाचित्रामुळे सर्वश्रुत झाले. स्नायू आधीच बेताचे असताना केवळ उपाशी राहून काटा हलवणे हा तोट्याचा सौदा होय. कमरेचा घेर कमी होत असेल, तर थांबलेल्या काट्याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही.

अधूनमधून दोन आठवडे पुरेसे खाऊन पुन्हा कपात करण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील २०१७ च्या चाचणीत सरस ठरली होती, पण नंतरच्या काही चाचण्यांत तसा लाभ आढळला नाही. गाठलेले वजन काही महिने फक्त टिकवून धरणे हा पर्याय मात्र आहारतज्ज्ञ सुचवतात त्याहून अधिक वेळा सुचवला जायला हवा. मोजमाप चोख असूनही काटा हलत नसेल, तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी आणि स्टेरॉइडसारखी चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर त्यांच्या सल्ल्यावाचून आहारात आणखी कपात करू नये, कारण अशा वेळी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.