फॉर्म्युला वनमधला अर्धा मार्क

पेपर हातात पडला की अर्ध्या मार्कासाठी बाईंच्या टेबलापाशी घुटमळणारे तुमच्यात किती जण आहेत? हात वर करू नका, मला माहीत आहे! तर ऐका, मोटारींच्या शर्यतीतसुद्धा अर्धा मार्क मिळायचा. आणि त्यातला एक असा गाजलाय की पन्नास वर्षं उलटली तरी फॉर्म्युला वनमध्ये दुसऱ्या कुठल्याच बाईला तेवढाही मिळालेला नाही.

तो मिळवला इटलीच्या लेला लोम्बार्दीनं. फ्रुगारोलो नावाच्या छोट्या गावात १९४१ साली जन्मलेली ही मुलगी. वडील खाटीक. दुकानातला माल गिऱ्हाइकांकडे पोचवायची गाडी लेला चालवायची, आणि वेगाची चटक तिथंच लागली. तिच्याआधी १९५८ मध्ये मारिया तेरेसा दे फिलिप्पिस ही आणखी एक इटालियन बाई फॉर्म्युला वनमध्ये उतरली होती. ‘हिला काही गाडी जोरात हाणता यायची नाही’ अशी पैज तिच्या भावांनी लावली, आणि बाई शर्यतीतच शिरल्या! बेल्जियमला ती दहावी आली, पण तेव्हा दहाव्याला गुण कोण द्यायचं?

लेलाच्या पहिल्या फॉर्म्युला वन गाडीचा नंबर होता २०८. एवढा मोठा का? कारण पैसे देणारं होतं रेडिओ लक्झेंबर्ग, आणि ते ऐकू यायचं २०८ मीटरवर. म्हणजे त्याच्या रेडिओलहरीची लांबी २०८ मीटर! लहर सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर धावते. भागा २०८ नं. उत्तर साधारण १४ लाख ४० हजार, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. आपल्या १०० मेगाहर्ट्झच्या एफएमची लहर जेमतेम ३ मीटरची असते, पडताळून पाहा. गाडीवरच जाहिरात आणि गाडीवरच गणित. मला हा नंबर फार आवडतो. पण ती गाडी घेऊन १९७४ च्या ब्रिटिश शर्यतीत लेला पात्रताफेरीतच अडकली.

पुढच्या वर्षी २७ एप्रिलला बार्सिलोनातल्या मोंजुइक बागेच्या रस्त्यांवर शर्यत होती. चालक आधीच बिथरलेले. कडेच्या लोखंडी कठड्यांचे नट-बोल्ट कुठं ढिले, तर कुठं नीट बसवलेलेच नाहीत! शेवटी संघांचे मेकॅनिक स्वतः पाने घेऊन बोल्ट आवळत फिरले. आदल्या वर्षीचा विश्वविजेता एमर्सन फिट्टिपाल्डी सरावात हळूहळू तीन फेऱ्या मारून सरळ घरी गेला. शहाणा माणूस, असं माझं मत.

शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणापासून गाड्या एकमेकींवर आदळू लागल्या. मागून निघालेली लेला त्या गोंधळातून वाट काढत पुढं सरकत राहिली. मग घात झाला. सगळ्यांत पुढं असलेल्या रोल्फ श्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटला.

गाडीला पंख? हो, पण उलटा बसवलेला. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा गाडीला खाली दाबतो. त्या दाबामुळे टायर रस्त्याला घट्ट धरतात. वेग दुप्पट केला की दाब चौपट होतो, म्हणून तर या गाड्या वळणावरही भन्नाट धावतात. तोच पंख अचानक गेला तर? पकड गेली. श्टोमेलेनची गाडी कठड्यावरून उडाली आणि पलीकडे उभ्या असलेल्या माणसांचे जीव गेले.

शर्यत थांबवली. ७५ पैकी २९ फेऱ्या झाल्या होत्या, निम्म्याही नाहीत, म्हणून सगळ्यांना निम्मे गुण. पहिल्या आलेल्या योखेन मासला ९ ऐवजी साडेचार. सहाव्याला एक गुण असायचा, त्याचा झाला अर्धा. सहावी होती लेला.

खरी गंमत तर पुढं आहे. लेला वर्षभर कुरकुरत होती, ‘वळणावर गाडीचा मागचा भाग नीट वागत नाही.’ कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बाई बुटकी, हात लहान, स्टिअरिंग जड, मग असं व्हायचंच! मग १९७६ मध्ये ती गाडी स्वीडनच्या रॉनी पीटरसनकडे गेली. हा त्या काळातला अतिशय वेगवान गडी. त्यानंही तीच तक्रार केली, आणि आता मात्र गाडी खोलली गेली. मागच्या बाजूला मॅग्नेशियमचा ओतीव भाग असतो, चाकांचं सस्पेन्शन त्याला जोडलेलं असतं. त्याला तडा गेला होता! सरळ रस्त्यावर काही कळायचं नाही. वळणावर जोर आला की तो भाग किंचित वाकायचा, चाकं जरा भलत्याच दिशेला वळायची, आणि गाडी चालकाचं ऐकेनाशी व्हायची. अशा गाडीतून लेला जर्मनीत सातवी आली होती, त्या वेळच्या २२ किलोमीटरहून लांब फेरीच्या नूरबुर्गरिंगवर.

तडा सापडला तेव्हा ती त्या संघात नव्हती. ती लांब पल्ल्याच्या स्पोर्ट्स कारकडे वळली, आणि १९७९ मध्ये इटलीतल्या व्हालेलुंगाची सहा तासांची शर्यत तिनं जोडीदाराबरोबर जिंकली. तिथं पहिला क्रमांक मात्र पुरता मिळाला.