सिग्नलला गाडी बंद पडते? आधी पार्ट बदलू नका, आधी मोजा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी ह्या भागाचं लिखित रूप.

तर झालं असं, की बाबांचा फोन आला. "अरे, गाडी सिग्नलला थांबली की थरथरते. काल तर बंदच पडली." मी आधी फारसं मनावर घेतलं नाही. मग लक्षात आलं, की उतारावर इंजिन बंद पडलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन दाबांत संपते. आणि बाबा महिन्यातून दोनदा घाट उतरतात!

गॅरेजमध्ये निदान झालं: थ्रॉटल बॉडी बदला, बारा हजार. मी म्हटलं, थांबा. आमच्या कामात एरर आली म्हणून कोणी थेट सर्व्हर बदलत नाही, आधी लॉग बघतात.

आधी आयडल म्हणजे काय ते बघू. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन स्वतःच्या जोरावर फिरत राहतं, तो वेग. गरम झालेल्या छोट्या पेट्रोल इंजिनात तो साधारण ७०० ते ८०० आरपीएम असतो. एसी चालू केल्यावर थोडा वाढतो, ते नॉर्मल आहे. आमचा काटा मात्र एसी बंद असतानाही ५०० ते ११०० असा झोके घेत होता.

मग ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर लावला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो, रीडिंग मोबाइलवर दिसतं. चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता, तरी माहिती आत होतीच. बघायचा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हे गणित जुळवायला कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते ट्रिम सांगतं.

आमचं लाँग टर्म ट्रिम आयडलला अधिक १८ टक्के, आणि २५०० आरपीएमला फक्त अधिक ३. सगळी गंमत ह्या फरकात आहे. कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत होती. आयडलला इंजिन मुळातच कमी हवा घेतं, म्हणून ती गळती मोठी ठरते. वेग वाढला की तीच गळती किरकोळ होते. उलट ट्रिम वेगाबरोबर वाढत गेलं असतं, तर संशय फ्युएल पंप किंवा फिल्टरवर गेला असता.

एक लक्षात ठेवा: हा हिशोब येणारी हवा थेट मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याऐवजी मॅप सेन्सर असतो. तिथे गळती असली तरी ट्रिम फारसं हलत नाही, आयडलच वर जातं.

आता गळती शोधायची. इंजिन बंद आणि थंड असताना प्रत्येक रबरी नळी वाकवून बघितली. पीसीव्हीची नळी वरून ठणठणीत, खालच्या बाजूला बोटभर चीर! नवीन नळी चारशे रुपयांची. ती बसवली, ट्रिम खाली आलं, काटा स्थिर झाला.

काही जण चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधतात. कृपया करू नका, गरम इंजिनवर ते पेट घेऊ शकतं.

नळ्या धड असतील तर पुढे थ्रॉटल बॉडीतला कार्बन, मग स्पार्क प्लग आणि कॉइल. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर आतली झडप बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांना आयडल पुन्हा शिकवावं लागतं, नाहीतर दुखणं वाढल्यासारखं वाटतं. आणि एका वेळी एकच बदल! नाहीतर नेमकं कशाने बरं झालं ते कळत नाही.

गाडी चालता चालता बंद पडत असेल, तर हे सगळं होईपर्यंत घाटात नेऊ नका. बाबांनाही मी तेच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं, हे विशेष.

भेटू पुढच्या भागात!