पहाटे सहाची ऊब

मॉन्ट्रियलच्या घरांत खिडकीखाली, जमिनीला लागून पत्र्याची एक लांबट पेटी असते: बेसबोर्ड हीटर. आत तापणारी कांडी, तिच्यावर ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या. पंखा नाही, पाणी नाही. काचेवरून घसरलेली गार हवा पेटीत शिरते, तापते, वर जाते. थंडीच्या सुरुवातीला हीटर पहिल्यांदा लावला की उन्हाळाभर साठलेली धूळ जळाल्याचा वास येतो आणि पत्रा टकटक वाजतो.

विजेवर घर तापवणं म्हणजे उधळपट्टी, असं आपल्याला वाटेल. मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये तीच रीत आहे. उत्तरेच्या नद्यांवर प्रचंड धरणं आहेत, ७३५ किलोव्होल्टच्या तारांनी ती वीज हजारेक किलोमीटर दक्षिणेला येते, आणि साध्या घरगुती दरात सुरुवातीचं युनिट सात सेंटांच्या आसपास पडतं.

प्रत्येक खोलीला स्वतंत्र थर्मोस्टॅट असतो. जुन्यात दोन धातूंची पट्टी, आपल्या इस्त्रीत असते तशीच. ती वाकते तेव्हा हीटर बंद, सरळ होते तेव्हा चालू. मधल्या काळात खोली दोन-तीन अंश वरखाली होते. नवा इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट वीज काही सेकंदांच्या तुकड्यांत सोडतो. निम्मी ऊब हवी तर निम्मा वेळ.

आता या थर्मोस्टॅटला वायफाय द्यायचं, तर अडचण निघते. बाजारातले बहुतेक स्मार्ट थर्मोस्टॅट २४ व्होल्टचे. ते घर तापवणाऱ्या भट्टीला नुसता निरोप धाडतात. इथे मात्र हीटरची सगळी वीज, २४० व्होल्टची, थर्मोस्टॅटमधूनच जाते. १,५०० वॉटची एक पेटी सव्वासहा अँपिअर ओढते. त्यामुळे भिंतीवरची ती डबी स्वतःच गरम होते, आणि खोलीचं तापमान सांगण्याआधी तिला स्वतःचा ताप वजा करावा लागतो.

खोक्यावर ‘वीजबचत’ असं ठळक छापलेलं असतं, ते जरा जपून वाचावं. कांडी एका युनिटची एक युनिट उष्णता करतेच. तिथे सुधारायला जागा नाही. वाचते ती फक्त गळती. बाहेर उणे १५ अंश असताना घर २१ वरून १८ वर आणलं, तर आतबाहेरचा फरक ३६ चा ३३ होतो, म्हणजे तेवढे तास गळती सुमारे आठ टक्के कमी. ‘गार झालेलं घर पुन्हा तापवण्यात वाचवलेलं सगळं जातं’ हा समज मात्र चुकीचा आहे.

खरी गंमत पुढे आहे. रात्री घर गार ठेवायचं आणि सहाला तापवायचं, हा शहाणपणा सगळ्यांनाच एकदम सुचतो. ३ फेब्रुवारी २०२३ च्या कडाक्यात क्वेबेकची मागणी ४३ हजार मेगावॉटच्या घरात गेली. तिथलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र, रोबेर-बुरासा, ५,६१६ मेगावॉटचं. म्हणजे तशी जवळजवळ आठ केंद्रं. वर्षातल्या अशा मोजक्या तासांसाठी नवं धरण कोण बांधणार?

म्हणून हायड्रो-क्वेबेक ही सरकारी वीज कंपनी ग्राहकाला आदल्या दिवशी कळवते: उद्या सकाळी सहापासून किंवा संध्याकाळी चारपासून काही तास वीज कमी वापरा. हिवाळी सवलतीत या तासांत वाचवलेल्या युनिटला ५० सेंटांहून जास्त रक्कम परत मिळते. स्मार्ट थर्मोस्टॅट इथे कामाला येतो. तो पहाटेच घर एक-दोन अंश जास्त तापवून ठेवतो आणि सहाला हात आखडता घेतो. दगडी वाडा दुपारपर्यंत गारवा धरून ठेवतो, त्याच न्यायानं भिंती, जमीन, कपाटं ऊब धरून ठेवतात. फक्त तिथली बरीच घरं लाकडी सांगाड्याची आणि हलक्या भिंतींची. वाड्याइतका दम त्यांच्यात नाही. खिडक्यांच्या फटी नीट बुजवलेल्या नसतील तर आठच्या सुमारास स्वेटर शोधावा लागतो.

सक्ती कुणावरच नाही. घरात तान्हं बाळ असेल किंवा पुण्याहून आजी आलेली असेल, तर बटण दाबून खुशाल २३ करावं. त्या सकाळचे पैसे तेवढे बुडतात.