भरल्या गव्हाणीत उपाशी गाय

दिवाळीच्या सुमारास आमची कपिला व्याली आणि दोन महिन्यांत इतकी रोडावली, की बरगड्या मोजून घ्याव्यात. "गव्हाणीत पेंढा तर मावत नाही!" अम्मी म्हणाली. रत्नागिरीच्या कातळावरचं गवत तोवर वाळलेलं, पेंढ्याचाच आधार. पण भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. पोटातल्या जिवाणूंना निदान ७ टक्के हवीत, तरच ते पेंढा नीट पचवतात. पोट फुगलेलं दिसतं, गाय उपाशीच. आणि दूध? ते ती अंगातली चरबी जाळून देत राहते. आईच ती!

पशुवैद्यांनी आधी शेण तपासून जंताचं औषध दिलं. मग शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा मिळून रोज १ किलो अंगासाठी, वर दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम. सोबत ३० ग्रॅम क्षारमिश्रण. हे आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचं. मी उतावळा, पहिल्याच दिवशी घमेलं भरून ठेवलं. खुराक एकदम वाढला, की पोट बिघडतं. कपिला दोन दिवस रवंथ विसरली. पुन्हा मूठभरापासून सुरुवात केली.

शिमग्यापर्यंत बरगड्या झाकल्या होत्या.