टक्का किती, यापेक्षा दाब किती?



ऊसनोंदीसाठी शिवारात फिरताना हल्ली आम्हाला उसाइतकेच दुखण्याचेही प्रश्न येतात. "साहेब, अँजिओग्राफीत साठ टक्के ब्लॉक निघाला म्हणे. लगेच स्टेंट टाकायचा का?" आम्ही काही डॉक्टर नव्हे, पण जळगाव-धुळ्याच्या ठिबकवाल्या शेतकऱ्याला ही गोष्ट चटकन समजण्यासारखी आहे.

अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत औषध सोडून काढलेला एक्स-रे. 1958 साली अमेरिकेत डॉ. मेसन सोन्स यांनी तिची वाट दाखविली. वाहिनी कुठे अरुंद झाली ते तिच्यात दिसते. पण पुढे रक्त पुरते की नाही, हे नुसत्या चित्रावरून दर वेळी कळत नाही.

आपल्या ठिबकच्या फिल्टरला अलीकडे-पलीकडे गेज असतात. दोन्हींतला फरक वाढला की आपण बॅकवॉश करतो. रोज फिल्टर उघडून कोण बघतो? हृदयाचेही तसेच. दाब मोजणारी बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात, वाहिन्या सैल करणारे औषध देतात आणि पलीकडच्या दाबाला अलीकडच्या दाबाने भागतात. यालाच एफएफआर म्हणतात. उत्तर 0.80 च्या वर आले तर बहुधा गोळ्या-औषधांवर भागते. 0.80 किंवा कमी आले तर स्टेंट वा बायपासचा विचार होतो.

2009 साली प्रसिद्ध झालेल्या 'फेम' अभ्यासात 1005 रुग्ण होते. त्यांतील ज्यांचा दाब मोजला, त्यांच्या 50 ते 70 टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांपैकी सुमारे 35 टक्केच खरोखर रक्त अडवणारे निघाले!

स्टेंट टाकायचाच ठरला, तर ध्वनिलहरींची आयव्हस किंवा प्रकाशाची ओसीटी ही तपासणी वाहिनी आतून दाखवते. मापाचा स्टेंट निवडता येतो, तो नीट उघडला का तेही कळते.

मात्र एक ध्यानात ठेवा. छातीवर दडपण, हाताकडे वा जबड्याकडे कळ, दरदरून घाम असे झाले, तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. 108 ला फोन करा. हार्ट अटॅकमध्ये वाहिनी उघडण्याची घाई असते. तिथे मोजणीचा वाद घालू नये.

दुखणे स्थिर असेल तर मात्र उसाचे बिल मोडण्याआधी डॉक्टरांना आदराने विचारावे, "साहेब, दाब मोजायची गरज आहे का? महात्मा फुले योजनेत काय बसते?" विचारण्यात कमीपणा नाही.