आठ प्रोग्राम चालवले, उत्तर मात्र एकच! रँडम नंबरमधला ‘सीड’ म्हणजे काय?

माइनक्राफ्ट खेळत असाल तर सीड हा शब्द तुम्हाला नवीन नाही. मित्राने पाठवलेला सीड टाकला (आणि गेमचं व्हर्जन सारखं असेल) की तुमच्या फोनवरही तेच डोंगर, तीच दरी. जग जर रँडम बनतं, तर दोघांचं सारखं कसं?

कारण प्रोग्राममधले बहुतेक रँडम नंबर खरे रँडम नसतातच. ठरलेल्या गणिताने आधीच्या आकड्यावरून पुढचा आकडा काढला जातो. एक छोटं गणित बघा: आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. ७ पासून सुरुवात केली तर ६, १, ८, ११, १० असे आकडे येतात. पुन्हा ७ पासून सुरू करा, पुन्हा हेच. हा सुरुवातीचा ७ म्हणजे सीड. पायथनच्या रँडम मॉड्यूलमधली मर्सेन ट्विस्टर ही पद्धत यापेक्षा खूपच गुंतागुंतीची आहे, पण तत्त्व तेच.

वैज्ञानिक कामात हा दोष नाही, सोय आहे. सीड लिहून ठेवला की तेच सिम्युलेशन पुन्हा जसंच्या तसं चालवता येतं, बग शोधता येतो. गोची होते ती एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवताना.

इंजिनिअरिंगला असताना मी स्वतः यात आपटलो होतो. पायची किंमत काढायची होती. चौकोनात रँडम ठिपके टाकायचे आणि त्यातले किती आतल्या वर्तुळात पडले ते मोजायचं. एका प्रोग्रामचे १० लाख ठिपके, असे ८ प्रोग्राम एकदम सुरू केले. सीड म्हणून घड्याळाची वेळ दिली होती, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून झालेले सेकंद. सी भाषा शिकताना सगळे हेच करतात. पण आठही प्रोग्राम एकाच सेकंदात सुरू झाले! आठही उत्तरं शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी.

मी फक्त सरासरी बघितली असती तर कळलंही नसतं. ८० लाख ठिपक्यांना साधारण ०.०००६ इतकी चूक अपेक्षित असते, १० लाखांना ०.००१६. म्हणजे रिपोर्टमध्ये मी जवळपास तिप्पट अचूकतेचा दावा ठोकला असता, आणि प्रोग्रामने एकही एरर दाखवली नसती.

मग सीड १, २, ३ असे द्यायचे का? चालतं बऱ्याचदा, पण काही जुन्या जनरेटरमध्ये जवळजवळच्या सीडमधून एकमेकांशी मिळतेजुळते आकडे निघतात. पायथनमधली नंपाय लायब्ररी वापरत असाल तर तिच्यात २०१९ पासून (व्हर्जन १.१७) सीडसिक्वेन्स आहे. त्याला एकच मुख्य सीड द्यायचा, तो प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळा सीड तयार करून देतो. लिहून ठेवायला मात्र एकच आकडा! सोबत नंपायचं व्हर्जनही लिहा, कारण नव्या जनरेटरचे आकडे पुढच्या व्हर्जनमध्ये तेच राहतील याची हमी नंपाय देत नाही.

आणि हो, वेगवेगळे सीड टाकून ‘चांगलं’ उत्तर येईल तोच ठेवणं ही सरळसरळ चीटिंग आहे. चार-पाच सीडवर चालवा आणि सगळी उत्तरं दाखवा, वाईट आलेलं सुद्धा.